क्रोएशियाचा किनारा: दोन आठवड्यांचा बेत कसा आखावा?

सागरवाट यांचा प्रश्न

येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे यजमान, चौदा वर्षांची मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, क्रोएशियाला जाण्याचे ठरवत आहोत. हाताशी साधारण दोन आठवडे आहेत. कच्च्या आराखड्यात झाग्रेब, प्लिट्वित्सेची सरोवरे, झादार, स्प्लिट, ब्राच, ह्वार आणि कोर्चुला ही बेटे, दुब्रोव्निक, आणि जमल्यास शेजारच्या बोस्नियातील मोस्तार इतकी ठिकाणे आहेत. नकाशावर ती उत्तरेकडून दक्षिणेकडे ओळीने येतात, त्यामुळे हे सगळे सहज जमेल असे वाटते. पण बोटींची वेळापत्रके पाहू लागल्यापासून त्याबद्दल शंका येऊ लागली आहे.

सासूबाई सपाट रस्त्यावर तासभर आनंदाने चालतात, पायऱ्या मात्र त्यांना झेपत नाहीत, आणि त्या शाकाहारी आहेत. मुलीला रोज पोहायला मिळाले पाहिजे. सासूबाईंना केवळ हॉटेलच्या खोलीत बसवून आम्ही फिरायचे, असा प्रवास आम्हाला नको आहे. गाडी भाड्याने घ्यावी की बस आणि बोटीने फिरावे, आणि या यादीतून काय गाळावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नकाशेवाचक यांचे उत्तर

तुमच्या यादीतील एकही ठिकाण गाळण्याजोगे नाही, तरीही निम्मी यादी गाळावी लागेल. या किनाऱ्यावर दोन ठिकाणांमधले अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो. बोट किती वाजता सुटते आणि त्या दिवशी ती आहे की नाही, यावरच सगळे अवलंबून असते. म्हणून आधी बोटी ठरवाव्यात, मग त्यांच्या अनुषंगाने मुक्काम, आणि विमानाची तिकिटे झाग्रेबला उतरून दुब्रोव्निकहून परतण्याची घ्यावीत, म्हणजे त्याच रस्त्याने मागे येण्यात दिवस जाणार नाही.

बोटी दोन प्रकारच्या असतात, आणि हा फरक नीट ध्यानात घ्यायला हवा. मोठ्या फेरीबोटींवर गाड्या चढतात; त्या संथ असतात, पण वर्षभर चालतात. कॅटमरान वेगाने जातात, मात्र त्यांवर फक्त प्रवासी घेतात. स्प्लिटहून ह्वार शहराला कॅटमरान साधारण तासाभरात पोहोचते, तर गाड्यांची फेरी सुमारे दोन तास घेते आणि ती ह्वार शहरात न जाता त्याच बेटावरील स्तारी ग्रादजवळच्या बंदराला लागते. घर एका गावात आणि बोट दुसऱ्या बंदरात, अशी गफलत टाळण्यासाठी तिकीट काढताना बंदराचे नाव तपासावे. स्प्लिटहून ह्वार आणि कोर्चुलामार्गे दुब्रोव्निकला जाणाऱ्या कॅटमरान हंगामी असतात आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून त्यांच्या फेऱ्या विरळ होऊ लागतात. तुमच्या तारखा महिन्याच्या पूर्वार्धात असतील तर पुष्कळ सोय होईल.

माझ्या मते पाच मुक्काम पुरेत: एक रात्र झाग्रेब, एक रात्र प्लिट्वित्से, आणि उरलेला बहुतेक काळ स्प्लिट, एक बेट व दुब्रोव्निक यांत वाटून. तुम्ही ह्वार किंवा कोर्चुला यांपैकी एकच निवडा. ब्राचसाठी स्वतंत्र मुक्कामाची गरज नाही, कारण स्प्लिटहून ब्राचवरच्या सुपेतार बंदराची फेरी पाऊण-एक तासाची आहे आणि सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. झादारचा मोह मला समजतो. तिथे वास्तुविशारद निकोला बाशिच यांनी 2005 साली लाटांच्या दाबावर वाजणारे सागरी ऑर्गन किनाऱ्याच्या पायऱ्यांखाली बसवले आहे. परंतु प्लिट्वित्से ते स्प्लिट या वाटेवर दुपारचा थांबा म्हणून ते पाहता येते.

स्प्लिटला मात्र दिवस कमी करू नका. रोमन सम्राट डायोक्लेशियनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीस बांधून घेतलेला राजवाडा हेच तिथल्या जुन्या शहराचे हृदय आहे, आणि त्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, दुकाने चालतात, कपडे वाळत घातलेले दिसतात. ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या या सम्राटाची समाधीच पुढे त्या शहराचे कॅथेड्रल झाली. सासूबाईंच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे राजवाड्यातील मुख्य चौक आणि समुद्रालगतचा रुंद रस्ता बऱ्याच अंशी सपाट आहे, तसेच बसस्थानक, रेल्वेस्थानक आणि बंदर एकमेकांना लागून आहेत. पाऊस पडला की तिथला झिजलेला दगड घसरडा होतो, तेवढी काळजी घ्यावी.

दगडी पायवाट यांचे उत्तर

वरील सल्ल्याशी मी बहुतांशी सहमत आहे, पण गाडीबाबत काही सांगावेसे वाटते. झाग्रेबहून स्प्लिटपर्यंत गाडी घ्यावी आणि स्प्लिटला ती परत करावी. प्लिट्वित्से आणि झादार हा टप्पा बसने करता येतो, परंतु वयस्कर व्यक्ती आणि सामान बरोबर असताना बसच्या वेळा पाळणे थकवणारे होते. टोलचा महामार्ग उत्तम आहे. स्प्लिटनंतर मात्र गाडी ओझे होते. गर्दीच्या दिवसांत ती फेरीवर चढवण्यासाठी बराच वेळ आधी रांगेत उभे राहावे लागते, आणि दुब्रोव्निकच्या जुन्या शहराभोवतीच्या तटबंदीच्या आत गाड्यांना प्रवेश नसल्यामुळे तिथे ती केवळ पार्किंगचे पैसे खात उभी राहते.

दुब्रोव्निकला रेल्वे जात नाही. समुद्र खवळल्यामुळे कॅटमरान रद्द झालीच, तर बसचा पर्याय चांगला आहे. पूर्वी रस्त्याने दुब्रोव्निकला जाताना नेउमजवळ बोस्नियाची किनारपट्टी ओलांडावी लागे आणि दोन वेळा सीमातपासणी होई. जुलै 2022 मध्ये पेल्येशाट्सचा पूल खुला झाल्यापासून क्रोएशियाच्या हद्दीतूनच सलग जाता येते, आणि या पुलावर टोलही नाही. तरीही तिकीट काढताना बस पुलावरून जाते की नेउममार्गे, हे विचारून घ्यावे. बसच्या पोटात सामान ठेवण्यासाठी चालक किंवा वाहक प्रत्येक नगामागे थोडे वेगळे पैसे घेतात, म्हणून सुटे युरो जवळ असावेत.

प्लिट्वित्सेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण सासूबाईंना तिथे न्यावे की नाही हा प्रश्न तुमच्या मनात असणार. अवश्य न्यावे. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम कार्बोनेट शेवाळावर आणि वनस्पतींवर साचत जाऊन तिथे नैसर्गिक बांध तयार होतात, आणि त्या बांधांमुळेच एकाखाली एक अशी सोळा सरोवरे निर्माण झाली आहेत. हे बांध आजही वाढत आहेत आणि अतिशय नाजूक आहेत. त्यामुळे पोहण्यास पूर्ण बंदी आहे, आणि मुलीला हे आधीच सांगून ठेवलेले बरे. क्रमांक एकच्या प्रवेशद्वाराजवळून अठ्ठ्याहत्तर मीटर उंचीचा मोठा धबधबा वरच्या बाजूने दिसतो, मात्र त्याच्या पायथ्याशी जायचे तर उतार आणि पायऱ्या आहेत. क्रमांक दोनच्या प्रवेशद्वाराने गेल्यास विजेवर चालणाऱ्या बोटीने कोझ्याक सरोवर ओलांडता येते आणि उद्यानाच्या गाडीने वरच्या भागाकडेही जाता येते. दोन्हींचे भाडे प्रवेशतिकिटात असते. सासूबाईंनी बोट आणि गाडीचा भाग घ्यावा आणि मुलीने बाबांबरोबर खालच्या सरोवरांच्या लाकडी पायवाटेवर जावे, असे केले तर दिवस सगळ्यांचाच होईल. प्रवेशाची वेळ निवडून तिकीट आधीच ऑनलाइन काढावे आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्यावी.

सागरवाट

दोघांचेही मनापासून आभार. ब्राच आणि झादारचे मुक्काम काढून टाकले आहेत आणि बेट म्हणून ह्वारकडे आमचा कल आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. आम्हाला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांसाठी मिळून असलेला व्हिसा, लागतो. त्यावर मोस्तारला जाऊन परत येता येईल का? आणि दुब्रोव्निकमध्ये तटाच्या आत राहावे की बाहेर? तटाच्या आतील घरांची छायाचित्रे फार सुंदर दिसतात.

तटाबाहेरची यांचे उत्तर

क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेन क्षेत्रात आहे आणि त्याच दिवसापासून तिथे युरो चलन लागू झाले. बोस्निया शेंगेनमध्ये नाही. याचा अर्थ असा की मोस्तारला गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात, आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर परतीच्या वेळी सीमेवर अडवले जाल. अनेक प्रवेशांचा व्हिसा हाती पडल्याशिवाय मोस्तारचा बेत पक्का करू नये, आणि पक्का करताना बोस्नियाच्या बाजूचे प्रवेशनियमही त्याच वेळी तपासावेत. माझे स्पष्ट मत विचाराल तर या खेपेस मोस्तार सोडावे. सीमेवरच्या रांगांसह तो पूर्ण दिवसाचा प्रवास होतो, आणि तोच दिवस सासूबाईंनी दुब्रोव्निकसमोरच्या लोक्रुम बेटावर झाडांच्या सावलीत घालवला तर त्यांना अधिक सुख वाटेल. जुन्या बंदरातून तिथे बोट काही मिनिटांत पोहोचते.

राहण्याबाबत माझा सल्ला निःसंदिग्ध आहे: तटाबाहेर राहा. जुन्या शहरातील स्त्रादुन हा मुख्य रस्ता सपाट आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या बहुतेक गल्ल्या म्हणजे अरुंद, चढते जिने आहेत, आणि सामान स्वतः उचलून न्यावे लागते. लापाद भागात सपाट पादचारी रस्ता आहे, मुलीला पोहण्यासाठी किनारा आहे आणि जुन्या शहराच्या पिले दरवाजापर्यंत शहर बस जाते. तटाच्या भिंतींवरची फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची, पायऱ्यांची आणि सावलीविना आहे. ती तुम्ही तिघांनी सकाळी दरवाजे उघडताच करावी. तिकीट महाग असल्यामुळे भिंती, संग्रहालये आणि शहर बस एकत्र असलेला दुब्रोव्निक पास तुलनेने किफायतशीर पडतो. सासूबाईंना उंचावरून शहर दाखवायचे असेल तर स्र्ज डोंगरावर जाणारी केबल कार आहे. बंदरात कोणत्या दिवशी किती क्रूझ जहाजे येणार याचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध होते. ते पाहून जुन्या शहराचा दिवस निवडल्यास गर्दीत मोठा फरक पडतो.

मीठभाकर यांचे उत्तर

जेवणाविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. किनाऱ्यावर मासळी मुख्य असली तरी सासूबाईंची उपासमार होणार नाही. चार्ड ही पालेभाजी आणि बटाटा एकत्र करून केलेली ब्लित्वा जवळपास सर्वत्र मिळते, मात्र ती बहुधा माशांबरोबरची जोड म्हणून येते, त्यामुळे वेगळी मागवावी. स्प्लिटच्या परिसरात सोपार्निक नावाची चार्ड भरलेली पातळ भाजलेली पोळी अवश्य शोधावी. पाग बेटावरील मेंढीच्या दुधाचे चीज प्रसिद्ध आहे. काळा रिसोट्टो (मऊसर भाताचा प्रकार) मात्र त्यांना देऊ नये, कारण त्याचा रंग कटलफिश या समुद्री जीवाच्या शाईचा असतो. सूप आणि साध्या रिसोट्टोमध्येही मांसाचे किंवा माशांचे पाणी असू शकते, म्हणून दरवेळी विचारावे.

अपार्टमेंट घेतल्यास एखादे जेवण घरी करता येते आणि चौघांना ते स्वस्तही पडते. काही घरमालक तीन रात्रींपेक्षा कमी मुक्कामासाठी जादा आकार लावतात, हेही कमी ठिकाणी जास्त दिवस राहण्याचे एक कारण आहे. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. बहुतेक किनारे गोट्यांचे किंवा खडकाळ आहेत आणि पाण्याखालच्या खडकांवर काटेरी समुद्री अर्चिन असतात, त्यामुळे मुलीसाठी पाण्यात घालायचे रबरी बूट पहिल्याच दिवशी घ्यावेत. आणखी एक व्यावहारिक बाब: 2023 च्या कायद्यानुसार तिथली दुकाने वर्षातून केवळ सोळा रविवारी उघडी ठेवता येतात, आणि कोणते रविवार निवडायचे हे दुकानदार ठरवतात. ह्वारला पोहोचण्याचा दिवस रविवार असेल, तर दूध, फळे आणि भाज्या स्प्लिटहून शनिवारीच बरोबर घ्याव्यात.