मदत हवी आहे: खोबऱ्यातलं अफलाटॉक्सिन कसं तपासायचं?

नमस्कार. गोव्यातल्या डिचोलीत आमचा महिला बचत गट घाण्यावर खोबरेल काढतो. यंदा पाऊस लवकर आला आणि वाळत घातलेल्या खोबऱ्याच्या काही वाट्यांवर हिरवट-पिवळी बुरशी दिसली. त्या वाट्या बाजूला काढल्या, पण बाकीच्या मालाचं काय, या विचाराने जीव थाऱ्यावर नाही.

अस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफलाटॉक्सिन तयार करते. ते यकृतासाठी घातक, कर्करोगकारक. बुरशी पुसली, खोबरं पुन्हा उन्हात तापवलं, तरी विष तसंच राहतं. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशीचा मका खाऊन शंभराहून जास्त माणसं दगावली होती. आमचं तेल लहान मुलांच्या पोटातही जातं, म्हणून विषाची परीक्षा घ्यायची नाही.

विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं, एका पोत्यातल्या थोड्याच वाट्यांत भरपूर असू शकतं. मग नमुना कसा नि किती घ्यायचा? झटपट तपासणीच्या पट्ट्या खोबऱ्यावर आणि तेलावर नीट चालतात का? बांबोळीला अन्न व औषध प्रशासनाकडे आमच्यासारख्यांचा नमुना घेतात का, की खासगी प्रयोगशाळाच गाठावी? अंदाजे खर्च?

ओलावा सहा टक्क्यांवर आणायचा हे माहीत आहे. पावसाळ्यात धुराविना ते कसं जमवता? पेडणे, सत्तरीकडे कुणी सोलर ड्रायर वापरत असेल तर कृपया सांगा, आम्ही येऊन बघू. तोवर हा माल विकणार नाही, आणि पेंडही गुरांना घालणार नाही, कारण दुधातही ते उतरतं.