‘जुन्या करारातला देव नुसता कोपिष्ट’? साफ अमान्य!

अष्टागर:
परवा इथे एकाने लिहिलं, “बायबलच्या जुन्या करारात नुसता कोप, दया आली ती येशूबरोबर.” दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. त्यातल्या निर्गम या पुस्तकाचा ३४ वा अध्याय उघडा. इस्राएल लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं त्यापायी तीनेक हजार माणसं मेलीत, त्यांच्या पुढाऱ्याने, मोशेने, देवाच्या आज्ञांच्या पाट्या फोडल्यात, आणि त्याच डोंगरावर देव स्वतःची ओळख सांगतो ती दयाळू, मंदक्रोध अशी. होशेय संदेष्ट्याच्या ११ व्या अध्यायात इस्राएलला, म्हणजे एफ्राइमला, शिक्षा सुनावता सुनावता देवाचंच काळीज हलतं, ‘एफ्राइमा, तुला कसा सोडू?’ यशया ५४ मध्ये क्षणभर टाकलेल्या बायकोला, म्हणजे आपल्या प्रजेला, तो मोठ्या मायेने परत घेतो. तिथला मायेचा हिब्रू शब्द आहे रहमीम, रेहेम म्हणजे गर्भाशय याच धातूचा. आपण ‘रहम कर’ म्हणतो ना, तो अरबी शब्दही त्याच कुळातला.

रोखठोक:
अर्धं वाक्य गाळलंत. बापाच्या पापाची झडती तिसऱ्या-चौथ्या पिढीकडून घेणारा देव त्याच ३४:७ मध्ये आहे. आणि त्याच करारातलं विलापगीत ४:१० वाचा. बाबेलच्या फौजेने यरुशलेमला घातलेल्या वेढ्यात, इ.स.पू. ५८७-८६, आयांनी स्वतःची पोरं शिजवली. हिब्रूत त्या आयांना ‘रहमानियोत’ म्हटलंय, मायाळू. तुमचाच धातू! मागून आलेली दया त्या पोरांच्या काय कामाची?
माझा धाकटा भाऊ अकराव्या वर्षी गेला. भेटायला आलेले एक गृहस्थ आईला म्हणाले, देव मारतो तोच सावरतो. आईने त्यांना पाणीही विचारलं नाही.

जुनीवही:
आधी ‘जुना करार’ म्हणणं थांबवा दोघांनी. आम्हा बेने इस्राएलांसाठी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंसाठी, तो तनाख आहे, आमचा धर्मग्रंथ, त्यात जुनं काही नाही. शाळेत ‘तुमचं अर्धंच बायबल’ हे ऐकून मोठी झालेय.
विलापगीतांचं म्हणाल, तर ती आम्ही दरवर्षी बिरड्याच्या रोजाला वाचतो, यरुशलेमचं आमचं देऊळ पडलं त्या दिवशीच्या उपासाला. आजी जमिनीवर बसून वाल सोलायची, तिची बोटं भिजून पांढरी पडायची. रोजा सुटला की केळीच्या पानावर बिरडं.

पाटावरवंटा:
रोजा सोडताना? आमच्या शेजारच्या आजी आदल्या संध्याकाळी करायच्या.

जुनीवही:
आमच्याकडे सोडतानाच.

पाटावरवंटा:
मग त्याला बिरड्याचा रोजा का म्हणतील? आणि वाल दोन दिवस भिजवून, मोड आणून सोललेलेच हवेत. हल्ली सोललेली पाकिटं आणतात, त्याला चव नाही.

रोखठोक:
मी मेलेल्या पोरांबद्दल बोलतोय आणि तुम्ही वाल सोलताय! लाज वाटू द्या.

जुनीवही:
आवाज खाली. त्याच पोरांसाठी बसतो आम्ही जमिनीवर. विलापगीत ५:२२ मध्ये ‘तू आम्हांला साफ टाकलंस’ असं येतं आणि ग्रंथ संपतो. पण वाचन तिथे थांबवत नाहीत. सगळे मिळून २१ वी ओवी पुन्हा म्हणतात, ‘आम्हांला तुझ्याकडे वळव, म्हणजे आम्ही वळू.’ आजीला वाचता येत नव्हतं, ही ओळ मात्र पाठ होती.

अष्टागर:
रोखठोक, रहमानियोतचं मला माहीत नव्हतं. मुद्दा जड आहे, मानतो. पण योना संदेष्ट्याच्या गोष्टीचं काय? अश्शूरांच्या निनवे शहराला ४० दिवसांची मुदत, गुरांच्या अंगावरही गोणपाट, आणि माफी. तीही शत्रूला.

जुनीवही:
योना आम्ही दारफाळणीच्या सणाला वाचतो, म्हणजे किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारी.

रोखठोक:
आणि माफ केलेल्या त्याच अश्शूरांनी इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन पाडली. ती दया महागात कुणाला पडली? बरं, देव नुसताच कोपिष्ट नाही, एवढं मी देतो. त्यापुढे नाही. २१ वी ओवी पुन्हा म्हणता, पण २२ वी पुसत नाही ना?

जुनीवही:
नाही. मोठ्याने वाचतो.

पाटावरवंटा:
आत्ता आईला फोन करून विचारलं. शेजारच्या आजींकडे आदल्या संध्याकाळीच.