चर्चा: कोडाईकनालचा पारा आणि सोफिया अश्रफचं रॅप – समझोता गाण्याने झाला की पंधरा वर्षांच्या लढ्याने?

ठेकाधर
2015 च्या जुलैअखेर चेन्नईच्या रॅपर सोफिया अश्रफचं 'कोडाईकनाल वोन्ट' हे गाणं आलं. प्रकरण थोडक्यात असं: तमिळनाडूतल्या कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना होता, आधी पॉन्ड्सचा, पुढे हिंदुस्तान लिव्हरकडे (आताची हिंदुस्तान युनिलिव्हर, मूळच्या ब्रिटिश-डच युनिलिव्हरची भारतीय कंपनी) आलेला. मार्च 2001 मध्ये तिथली पारा लागलेली फुटकी काच गावातल्या भंगारवाल्याकडे सापडली आणि कारखाना बंद पडला. पाऱ्यामुळे आजारी पडलो म्हणणाऱ्या कामगारांच्या भरपाईचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षं कोर्टात लोंबकळत राहिला. गाणं आलं आणि काही दिवसांत युनिलिव्हरच्या जागतिक प्रमुखांना ट्विटरवर उत्तर द्यावं लागलं. मार्च 2016 मध्ये 591 माजी कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी समझोता झाला. अर्ज-मोर्चांनी जे हललं नाही ते तीनेक मिनिटांच्या रॅपने हलवलं, असं माझं ठाम मत आहे.

पाणलोट
साफ असहमत. गाण्याआधीचा हिशेब मांडू या. 2001 साली 7.4 टन काच उघडकीस आणली ती स्थानिक रहिवासी आणि ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने. 2003 मध्ये सुमारे 290 टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला पाठवावा लागला. 2006 मध्ये माजी कामगारांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. समझोत्याच्या कागदावर सही करायला समोर कोणीतरी वादी लागतो, आणि तो वादी त्या संघटनेने नऊ वर्षं टिकवून धरला होता. व्हिडिओ कितीही पसरू दे, वादीच नसता तर कंपनी बोलणी कोणाशी करणार होती?

आणि समझोत्यात काय आलं तेही बघा. रक्कम जाहीर झाली नाही. कंपनीच्या शब्दांत ती मानवतेच्या भूमिकेतून दिलेली मदत. आजारांचा पाऱ्याशी संबंध कंपनीने मान्य केलेला नाही.

ठेकाधर
वादी होता हे मान्यच. पण 2006 ते 2015 कंपनीला घाई कसली होती? निकाल लांबला तर नुकसान कामगारांचं. साबण आणि क्रीम विकणाऱ्या कंपनीला खरी भीती गिऱ्हाइकाची. गाण्याने नेमकं तिथे बोट ठेवलं.

बांधणी बघा. अमेरिकी रॅपर निकी मिनाजच्या 'अ‍ॅनाकोंडा' गाण्याची चाल, म्हणजे पहिल्या पाच सेकंदांत ऐकणाऱ्याला ओळखीचं काहीतरी मिळतं. (मिनाजने स्वतः तो व्हिडिओ पुढे पाठवला.) कंपनीचं नाव थेट घेतलं, 'भांडवलदार', 'व्यवस्था' असली गोलमोल भाषा नाही. आणि खाली झटका या मोहीम-संस्थेची ऑनलाइन याचिका, तीही थेट कंपनीच्या प्रमुखाला उद्देशून. आपल्याकडच्या बहुतेक निषेध-रॅपमध्ये हेच तीन दुवे सुटतात: सहा विषय एका गाण्यात कोंबलेले, मागणी कोणाकडे ते कळत नाही, आणि ऐकून झाल्यावर माणसाने काय करायचं याचा पत्ता नाही.

गणितही साधं आहे. 90 बीपीएमला (मिनिटाला 90 ठोके) 16 बारचा, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या 16 ओळींचा अंतरा म्हणजे 64 ठोके, साधारण 43 सेकंद. एक तथ्य नीट सांगायला दोन बार जातात. तेव्हा एका अंतऱ्यात जास्तीत जास्त सात-आठ तथ्यं मावतात, आणि श्वास घ्यायला जागा हवी असेल तर पाचच.

कलम५२
वरच्या बांधणीची नक्कल करणाऱ्यांनी आधी दोन गोष्टी बघाव्यात.

उसनी चाल ही मोठी जोखीम आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये टीका आणि समीक्षेसाठी रास्त वापराची सूट आहे, पण विडंबनाचं नाव तिथे नाही. त्यातून गाणं मूळ गायिकेवर टीका करत नसून तिसऱ्याच कंपनीवर करतंय, म्हणजे बचाव आणखी लंगडा. यूट्यूबची यंत्रणा तर कोर्टाची वाट बघत नाही. चाल ओळखली की व्हिडिओ अडवते किंवा कमाई मूळ मालकाकडे वळवते. बीट करणाऱ्या पोराकडून लेखी परवानगी घ्या आणि प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक जपून ठेवा.

दुसरं, बदनामी. फौजदारी खटल्यात 'हे खरं आहे' एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. प्रत्येक ओळीमागे कागद हवा. एप्रिल 2023 मध्ये अंबरनाथ आणि वडाळ्यात दोन मराठी रॅपरांवर राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. त्यांच्यामागे ना संस्था होती ना आधीपासून उभा वकील. गाणं चढवण्याआधी वकिलाचा नंबर खिशात असावा, नंतर धावाधाव होते.

पाणलोट
कलम५२, हाच तर माझा मुद्दा! कोडाईच्या ओळींमागे कागद होते, कारण कार्यकर्त्यांनी चौदा वर्षं ते गोळा केले होते. रॅपर शेवटी आली.

शिवाय सगळ्यात अवघड भाग गाण्यानंतरही तसाच राहिला: माती. पारा साध्या तापमानालाच उडतो, हवेतून पसरून जमिनीत उतरतो. पाण्यात गेला की जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि तो माशांतून ताटात येतो. कारखान्याखाली उतारावर पांबार शोला आहे, म्हणजे जंगल आणि ओढा. आणि सफाईचं उद्दिष्ट ठरलं ते असं की एक किलो मातीत 20 मिलिग्रॅम पारा उरला तरी चालेल. समझोता होताच लोक पांगले, ही व्हायरल गाण्यांची मूळ अडचण आहे.

ठेकाधर
पांगले, म्हणूनच 2018 मध्ये सोफिया अश्रफ आणि कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा दुसरं गाणं घेऊन आले. रॅपला त्या संगीताची जोड, आणि विषय फक्त माती: ब्रिटनमध्ये जो निकष चालला नसता तो इथे का? 'रॅपर शेवटी आली' म्हणता, पण भरपाईनंतर ती परत आली हे का विसरता?

पाणलोट
विसरत नाही, तिच्या चिकाटीबद्दल आदरच आहे. पण त्या दुसऱ्या गाण्याचा बोलबाला पहिल्याइतका झाला नाही, यातच उत्तर आहे. आजारी कामगार पडद्यावर दिसतो, किलोमागे 20 मिलिग्रॅम दिसत नाही. तो आकडा प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे आणि हरित न्यायाधिकरणापुढे, जोडपत्रांसह भांडावा लागतो, आणि तिथे ठेका चालत नाही.

ठेकाधर
मग निदान ते जोडपत्र गाण्याखाली डकवा. सुनावणीची तारीख आणि हरकत पाठवायचा पत्ता व्हिडिओच्या पहिल्याच ओळीत टाका. हिंदुस्तान युनिलिव्हरचं मुख्यालय अंधेरीत आहे. मुंबईच्या रॅपरांना त्या मातीबद्दल प्रश्न विचारायला कोडाईपर्यंत जावं लागत नाही.