शब्दचर्चा : ‘फर्टिलिटी प्रिझर्वेशन’साठी पेशंटला कळेल असा शब्द कोणता?

धागाकर्ती, धाराशिव

कॅन्सरच्या तरुण पेशंटसाठी एक पानी माहितीपत्रक तयार करतेय. परांडा-भूमकडची माणसं उपचाराला बहुतेक बार्शी गाठतात. तिथल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत हे दोन्ही तालुके १९८७ पासून आहेत. काही जण संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. कुठेही जावोत, पहिल्या किमोच्या आधी हे पान त्यांच्या हातात पडावं एवढीच धडपड आहे.

विषय असा. किमोची काही औषधं, विशेषतः सायक्लोफॉस्फमाइडच्या जातीची, स्त्रीच्या बीजांडकोशातला बीजांचा साठा कमी करतात. पुरुषात शुक्राणू तयार होणं त्यामुळे मंदावतं, कधी कायमचं थांबतं. ओटीपोटाला दिलेला लाइट (म्हणजे रेडिएशन) आणि बोनमॅरो बदलण्याआधी सगळ्या अंगाला दिलेला लाइट यांचंही तसंच. म्हणून उपचाराआधी मुलाचे शुक्राणू किंवा मुलीची बीजं काढून उणे १९६ अंशांवर, द्रव नायट्रोजनमध्ये ठेवता येतात. यालाच ‘फर्टिलिटी प्रिझर्वेशन’ म्हणतात. मुलाचं काम एक-दोन दिवसांत उरकतं. मुलीला बीजं वाढवायची इंजेक्शनं साधारण दोन आठवडे घ्यावी लागतात, मात्र ती पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतात. पाळीची वाट बघत थांबायला नको.

आता अडचण. हाती आलेल्या मसुद्यात वाक्य आहे : ‘कर्करोग उपचारापूर्वी प्रजननक्षमता संवर्धनाबाबत समुपदेशन घ्यावे.’ हे मी एका पोरीच्या आईला वाचून दाखवलं. पोरगी कॉलेजला, छातीत गाठ. आईनं विचारलं, “म्हणजे ऑपरेशन का? पाळणा थांबवायचं?” आमच्याकडे ‘प्रजनन’ हा शब्द लोकांनी आरोग्य केंद्राच्या भिंतीवरच वाचलाय, कुटुंबनियोजनाच्या शेजारी. तिला बरोबर उलटा अर्थ लागला. अशा पेशंटजवळ किमोआधी थोडेच दिवस असतात, त्यात हा गोंधळ निस्तरायला वेळ कुठून आणायचा?

शब्द सुचवा.

मराठीचे शिक्षक, नांदेड

आधी ‘संवर्धन’ काढा. संवर्धन म्हणजे वाढवणं : गोसंवर्धन, मत्स्यसंवर्धन. इथे काही वाढत नाही. आहे ते टिकवायचं आहे, तेही सगळं नाही. ‘संरक्षण’ही नको, कारण उपचारानं शरीराला इजा होणारच नाही असा त्याचा अर्थ निघेल. ‘जतन’ अर्थानं बरोबर आहे, पण ते किल्ल्यांचं आणि पोथ्यांचं होतं, माणूस स्वतःच्या शरीराबद्दल जतन म्हणत नाही. बोलीत ‘राखणे’ आहे. राखणमध्ये सांभाळ येतो आणि ‘पुढे लागेल म्हणून बाजूला काढलं’ हेही येतं. ‘बीज राखून ठेवणे’ असं म्हणून बघा.

‘वंश’ कुठल्याही रूपात येऊ देऊ नका, ही कळकळीची विनंती. ‘वंशरक्षण’ लिहिलंत की पत्रक फक्त मुलग्यांच्या बापांसाठी होईल.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, छत्रपती संभाजीनगर

राखून ठेवणे चांगलं आहे. ‘गोठवणे’ वर्तमानपत्रांनी रूढ केलंय, पण लोकांच्या कानावर ‘खातं गोठवलं’ असतं, म्हणजे आपलं असून आपल्याला काढता येत नाही ते. एका पेशंटच्या मामांनी मला तोंडावर विचारलं होतं, “मग परत देणार का न्हाई?” आम्ही रोजच्या बोलण्यात ‘फ्रीज करून ठेवतो’ म्हणतो.

माझा खरा मुद्दा ‘नमुना’ या शब्दाचा. उपचाराच्या धावपळीत पोरगं येतं, सोबत वडील, चुलते. कुणीतरी वॉर्डातून फोनवर सांगितलेलं असतं, ‘नमुना देऊन ये.’ आम्ही डबी देतो. पोरगं पाच मिनिटांत डबी परत आणतं, आत लघवी. त्याचा काहीच दोष नाही. आठ-दहा दिवस रक्त-लघवीचे नमुनेच देतोय बिचारा. मग सगळ्यांसमोर दुसरी डबी द्यायची, वडील विचारणार काय चुकलं, आणि तो मान खाली घालून उभा. असा पोरगा पुन्हा आत जाऊन तणावात नमुना देऊच शकत नाही. संध्याकाळी किमो लागली की विषय संपला.

तर पत्रकात ‘वीर्याचा नमुना’ असं स्पष्ट लिहा. आणि पुढे : ‘तो एका बंद खोलीत, एकट्यानं, हातानं काढून द्यायचा असतो. नातेवाईक बाहेर थांबतात.’ लाज वाटेल, पण हे वाक्य छापलेलं असलं की ते कुणाला तोंडानं म्हणावं लागत नाही. ‘शुक्रजंतू’ टाळा, शुक्राणू म्हणा. कॅन्सरच्या वॉर्डात जंतू म्हटलं की माणूस इन्फेक्शन समजतो.

आणखी एक. खेड्यातल्या माणसाला हे तंत्र अजिबात परकं नाही. गायी-म्हशीला भरवायला पशुवैद्यकीय दवाखान्यातून येणारी वळूच्या वीर्याची कांडी आणि तिचं ते वाफा सोडणारं नायट्रोजनचं भांडं सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एक वडील सगळं ऐकून म्हणाले, “कांडीवाणीच की मग!” आणि लगेच सही केली. पोरगा मात्र लालबुंद झाला. वडिलांच्या तोंडी ते शोभलं, आपण पत्रकात लिहू नये.

नर्स, बीड

वरच्या सगळ्यांत एक शब्द राहिला : पिशवी. आमच्या जिल्ह्यात ‘पिशवी’ नुसती पिशवी राहिलेली नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या हे २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं, सरकारनं चौकशी समितीही नेमली. त्यामुळे तरुण पोरीला ‘आतून काहीतरी काढायचंय’ म्हटलं की आई पहिलं विचारते, “पिशवी काढणार का?” तेव्हा पत्रकात पहिल्याच ओळीत लिहा : ‘यात गर्भपिशवी काढत नाहीत. पोट फाडत नाहीत. सोनोग्राफीत बघत बारीक सुईनं बीजं ओढून घेतात.’ लग्न न झालेल्या पोरीच्या घरचे खालून तपासणीला नको म्हणतात. अशा वेळी पोटावरूनही सुई घालता येते का हे डॉक्टरांना विचारावं, तसं करता येतं.

‘अंडकोश’ हा शब्द तर खोडूनच टाका. आमच्याकडच्या एका फॉर्मवर ओव्हरीला अंडकोश छापलं होतं आणि हिंदीतून आलेल्या फॉर्मवर अंडकोष म्हणजे पुरुषाच्या गोट्या. एकाच टेबलावर दोन्ही फॉर्म. बीजांडकोश लिहा, नाहीतर ‘जिथे बायकांची बीजं असतात ती जागा’ असं काहीही, पण ‘गाठ’ शब्द येऊ देऊ नका, कॅन्सर तिथेही पसरला वाटतं.

आणि ‘भ्रूण’. लग्न झालेल्यांना ‘भ्रूण राखता येतं’ म्हणून सांगू नका. बीडला २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. इथे भ्रूण म्हटलं की पुढचा शब्द हत्या. ‘नवराबायकोचं जुळवलेलं बीज’ म्हटलं की कळतं.

लातूर

मी पेशंट होते. चोवीस वर्षांची, लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर. माझ्या वेळी हे सगळं एका वाक्यात सांगितलं गेलं, ‘पुढे मूल होणार नाही, आत्ता जीव वाचवायचाय.’ दोन्ही गोष्टी एका दमात. मला शब्दाबद्दल एवढंच म्हणायचंय की ‘होणार नाही’ आणि ‘अवघड जाऊ शकतं’ यांत आयुष्याचं अंतर आहे. औषध कुठलं, डोस किती, वय किती यावर ते ठरतं. माझी पाळी उपचारानंतर परत आली. नातेवाईक म्हणाले, झालं सगळं ठीक. पण पाळी येते म्हणजे बीजांचा साठा पूर्वीइतका आहे असं नसतं, पाळी लवकर जाऊही शकते, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं.

उलट बाजूही लिहा. ‘मूल होणार नाही’ असं ऐकलेली जोडपी किमो चालू असताना काळजी घेत नाहीत आणि दिवस जातात. उपचार चालू असताना गर्भ राहू शकतो आणि बाळाला धोका असतो.

मुलांसाठी ‘ताकद’ हा शब्द कृपा करून वापरू नका. ‘मूल होण्याची ताकद जाते’ म्हटलं की पोरगं समजतं आपण नामर्द होणार. शुक्राणू कमी होणं वेगळं, संबंध ठेवता न येणं वेगळं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा भाऊ याच धसक्यानं स्वतःचा उपचार सोडून जाणार होता.

वकील, परभणी

कायद्याच्या बाजूनं एक. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या कायद्यात अट आहे की बीज किंवा भ्रूण साठवण्याआधी लेखी संमती हवी, आणि संबंधित व्यक्ती मरण पावली किंवा असमर्थ झाली तर साठ्याचं काय करायचं तेही लिहून घ्यावं लागतं. ही ओळ पेशंटच्या मनाला फार लागते. तरी वगळू नका. २०२४ च्या ऑक्टोबरात दिल्ली उच्च न्यायालयात असंच प्रकरण निकाली निघालं : अविवाहित तरुणानं किमोआधी वीर्य साठवलं, तो गेला, आईवडिलांनी ते मागितलं. न्यायालयानं ते त्याच्या मालमत्तेचा भाग मानून देण्याचा आदेश दिला. ‘ठेव’ शब्द कुणी सुचवणार असेल तर म्हणून सांगतो, ठेवीला वारस येतात. ‘तुमच्या मागे काय करायचं’ हा प्रश्न त्यालाच, एकट्याला, शांतपणे विचारला जावा.

धागाकर्ती, धाराशिव

सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून पहिला परिच्छेद पूर्ण बदलला. आता असा आहे :

‘तुमचं वय कमी आहे. पुढे लेकरू हवं असेल, किंवा आत्ता सांगता येत नसेल, तरी पहिली किमो किंवा पहिला लाइट घेण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा. या उपचारानं मला पुढे लेकरू व्हायला अडचण येऊ शकते का? येत असेल तर आधी माझं बीज राखून ठेवता येईल का? बीज राखून ठेवलं म्हणजे लेकरू नक्की होईल असं नाही, पण वाट बंद होत नाही. काही आजारांत थांबायला वेळ नसतो, तेव्हा डॉक्टर तसं सांगतील.’

‘लेकरू’ मुद्दाम घेतलं. मूल म्हटलं की मुलगाच ऐकणारे कान अजून आहेत. शीर्षकात ‘किमोआधी बीज राखणे’. ‘प्रजननक्षमता जतन’ खाली लहान अक्षरांत राहील, कारण केस पेपरवर डॉक्टरांनी तसं लिहिलं तर जुळवता यावं.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये किमो चालू असताना दर महिन्याला बीजांडकोश शांत ठेवायचं इंजेक्शन देतात, त्याला मी ‘विसाव्याचं इंजेक्शन’ म्हणणार होते. पण ते बीज राखण्याच्या जागी चालत नाही, जोडीला देतात, आणि गोड नाव दिलं की लोक तेवढ्यावर थांबतील. ‘पाळी थांबवायचं इंजेक्शन’ असंच लिहितेय.

एक शब्द अजून अडलाय. न्हाण न आलेल्या मुलींची बीजं इंजेक्शननं वाढवता येत नाहीत. त्यांच्या बीजांडकोशाचा भाग दुर्बिणीनं काढून साठवतात आणि मोठेपणी परत बसवतात. अशा साठवलेल्या भागातून पहिलं बाळ २००४ साली बेल्जियममध्ये झालं, ती बाई मात्र मोठेपणी आजारी पडलेली होती. ब्लड कॅन्सरमध्ये हे जपून करावं लागतं, कारण त्या भागातून आजाराच्या पेशी परत येऊ शकतात. आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या आईला वाचायचं आहे. ‘ऊती’ (टिश्यू) कुणाला कळत नाही. काय लिहू?

नर्स, बीड

‘बीजांडकोशाचा लहान तुकडा’ लिहा. ‘कापून’ लिहू नका, ‘काढून’ लिहा. आणि वाक्याच्या शेवटी ‘दुसऱ्या बाजूचा जागेवरच राहतो’ हे जोडा, आई ते आधी शोधेल. बहुतेक वेळा तसंच करतात, तरी छापण्याआधी तुमच्या डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.