मदत हवी आहे: रात्री अकरानंतर समोसा विकला म्हणून कौन्सिलचं पत्र

पंपवाला
नमस्कार मंडळी. फार घाईत लिहितोय. परवा रात्री साडेबाराला एक बाई आली. खिडकीतून दोन समोसे आणि एक लाटे कॉफी घेतली, कार्डाने पैसे दिले, पावती मागून घेतली आणि मग ओळखपत्र काढून दाखवलं. कौन्सिलची निघाली. म्हणे अकरानंतर हे विकायचं लायसन्स तुमच्याकडे नाही. आज मेलही आला. लायसन्स आहे हो आमच्याकडे, भिंतीवर फ्रेम करून लावलंय! दंड होणार का, किती होणार, उत्तर काय लिहू? उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

कोथरूडकर
कुठला पंप? महाराष्ट्रात दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला २०१७ च्या कायद्यानेच मुभा दिली आहे. घाबरू नका. अन्न परवाना तेवढा चालू आहे ना बघा. साहेबांना चहा पाजा, विषय संपेल.

पंपवाला
अहो, लाटे लिहिलंय, कौन्सिल लिहिलंय. इंग्लंड. मिडलँड्स. कौन्सिल म्हणजे इथली नगरपालिका. चहा पाजायला गेलो तर तोही अकरानंतरचा निघायचा.

कोथरूडकर
लाटे आता हडपसरच्या पंपावरही मिळतं. आधी नीट लिहावं माणसाने.

क्लाइडकाठी
याला लेट अवर्स केटरिंग लायसन्स म्हणतात. १९८२ च्या सिव्हिक गव्हर्नमेंट कायद्याखाली. मेहुण्याच्या चिप्सच्या दुकानासाठी मीच काढून दिलं होतं. अर्ज हवा तर पाठवतो.

ब्रमकर
तो कायदा स्कॉटलंडचा, कृपया धागाकर्त्याला तिकडे पाठवू नका. इंग्लंड आणि वेल्सला लायसन्सिंग ॲक्ट २००३. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात लोकांना गरम खाणं किंवा गरम पेय विकलं की ते ‘लेट नाइट रिफ्रेशमेंट’, आणि त्यासाठी प्रिमायसेस लायसन्स, म्हणजे त्या जागेचं लायसन्स, लागतं. गार सँडविच, कोक, वेफर्स रात्रभर विका, कोणी विचारत नाही.

पंपवालेभाऊ, भिंतीवरचं लायसन्स कशाचं आहे? त्यावर कुठल्या कामापुढे किती वाजेपर्यंत लिहिलंय? समोसे गरम कशात ठेवता? आणि कॉफीचे पैसे मशीनमध्ये टाकायचे की टिलवर, म्हणजे गल्ल्यावर?

पंपवाला
दारूचं. सकाळी ६ ते रात्री ११. आधीच्या मालकाचं होतं, दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या नावावर करून घेतलं. समोसे काचेच्या गरम कपाटात. कॉफी दिवसा गिऱ्हाईक स्वतः भरून घेतं आणि टिलवर पैसे देतं. रात्री दार बंद असतं, मग पोरगा आतून कप भरून खिडकीखालच्या ड्रॉवरमधून सरकवतो. ड्रॉवर इतका उथळ आहे की समोशाचं टोक मोडतंच. बाईंनी त्या मोडलेल्या समोशात थर्मामीटर खुपसला, आकडा वहीत लिहिला, फोटो काढला. या सगळ्या चौकशीने काय होणार? दंड सांगा.

वेम्बलीकर
पेट्रोल पंपांना सूट आहे! २०१५ मध्येच नियम आला. हॉस्पिटलं, शाळा, मोटरवेवरच्या सर्व्हिसेस आणि पेट्रोल पंप. सरळ लिहून द्या की आम्हाला लायसन्स लागत नाही. उगाच पाय धरू नका यांचे.

ब्रमकर
अर्धवट माहिती. सूट देण्याचा अधिकार कौन्सिलला आहे, सूट आपोआप मिळत नाही. तुमच्या कौन्सिलने तसा ठराव केला असेल तरच. वेबसाइटवर लायसन्सिंग पॉलिसीची फाइल असते, तिच्यात ‘लेट नाइट रिफ्रेशमेंट’ शोधा. सूट असती तर बाई थर्मामीटर घेऊन आल्या नसत्या, पण दहा मिनिटं घालवून खात्री करा.

दंडाचं विचारताय तर कलम १३६. प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, किंवा दोन्ही. पण मी पाहिलेल्या दोन्ही प्रकरणांत आधी पत्र, मग पुन्हा एक फेरी, असंच झालं. पत्र आल्यावरही विकत राहिलात तर मात्र अवघड आहे. आज रात्रीपासून बंद करा, आणि ‘अमुक तारखेपासून बंद केलं’ हे उत्तरात लिहा.

चहाटळ
कॉफीला कशाला घाबरता? व्हेंडिंग मशीनला कायद्यातच सूट आहे.

ब्रमकर
आहे, पण गिऱ्हाइकाने पैसे मशीनमध्ये टाकायचे आणि पेय मशीननेच द्यायचं, मधे दुकानाचा माणूस नको. पोरगा कप भरून ड्रॉवर ढकलतो तिथेच सूट संपली. शिवाय ती सूट फक्त गरम पेयाला. मशीनमधून समोसा पडला तर लागू नाही.

पंपवाला
पॉलिसी बघितली. ८४ पानं. पंपाला सूट नाही. मग असं करतो, कपाट पावणेअकराला बंद, समोसे गार विकायचे. दार उघडं ठेवतो आणि आत मायक्रोवेव्ह ठेवतो. ज्याला पाहिजे त्याने आपला आपण गरम करून घ्यावा. आम्ही गारच विकला ना?

ब्रमकर
हा शोध तुमच्या आधी अनेकांनी लावलाय. विकल्यानंतर त्याच जागेत गरम करून घ्यायची सोय दिली तरी ते गरम खाणंच धरतात. गार समोसा विका आणि मायक्रोवेव्हची वायर काढून ठेवा. आणि कपाट पावणेअकराला बंद करून काय होणार? सव्वाअकराला समोसा कोमटच असेल. खाण्यासाठी गरम केलेला आणि विकताना भोवतालच्या हवेपेक्षा गरम, एवढंच त्यांना बघायचंय. साडेनऊला बंद करा.

हिशेबनीस
इथे थोडी गल्लत होतेय. आपोआप गार होत असलेला पदार्थ गरम धरत नाहीत. २०१२ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री ऑसबॉर्न यांनी गरम पेस्टीवर (आत सारण भरून भाजलेला पदार्थ) २० टक्के व्हॅट लावायला घेतला होता, केवढा गदारोळ झाला, दोन महिन्यांत माघार घ्यावी लागली. तेव्हा हेच ठरलं. कपाटात गरम राखलेल्या समोशावर मात्र व्हॅट लागतो. पंपवाले, तुम्ही तो भरताय ना?

ब्रमकर
ते व्हॅटचं. लायसन्सिंगची व्याख्या वेगळी. दोन खाती, दोन थर्मामीटर.

पंपवाला
व्हॅटचा विषय कोणी काढला? अकाउंटंट बघतो ते.

हिशेबनीस
सगळ्यांचा अकाउंटंटच बघत असतो. :)

मागची_गल्ली
मी पंपाच्या मागेच राहते. तुमच्या नव्हे, आमच्या गावच्या. रात्री दीडला टॅक्सी उभ्या, इंजिन चालू, रेडिओ चालू, दारं धाडधाड. सकाळी आमच्या कुंपणाच्या झुडपांत कॉफीचे कप. तक्रार केली तर म्हणाले, आम्ही फक्त कॉफी विकतो. इथे सगळे मालकाच्याच बाजूने बोलताहेत म्हणून लिहिलं.

पंपवाला
ताई, आमच्याकडे रात्री दोनच प्रकारचे लोक येतात. टॅक्सीवाले आणि हॉस्पिटलची पाळी संपवून आलेल्या नर्सा. त्यातली एक मिरजेची आहे, तिच्यासाठीच तर वेगळी हिरवी मिरची ठेवतो. यांना गरम काही मिळणारं दुसरं ठिकाण चार मैलांत नाही.

चहाटळ
अवांतर: समोशाबरोबर तळलेली मिरची देता की कच्ची?

दुसरी_पाळी
आता कामाचं बोलू. माझा स्वतःचा पंप आहे, यातून गेलोय. मायनर व्हेरिएशनच्या, म्हणजे आहे त्याच लायसन्समध्ये छोटा बदल करून घेण्याच्या, नादी लागू नका. ८९ पौंड भरले, पोलिसांनी सीसीटीव्हीच्या अटींवरून पत्र लिहिलं, कौन्सिलने अर्ज नाकारला. ते पैसे गेलेच. मग फुल व्हेरिएशन, म्हणजे मोठ्या बदलाचा अर्ज, त्याचे ३१५ वेगळे. अर्जाच्या नोटिशीचा निळा कागद २८ दिवस कुंपणावर, पेपरात जाहिरात वेगळी. सॉलिसिटर धरा आणि एकदाच काय ते करा.

ब्रमकर
सॉलिसिटरला दिले त्यात चार मायनर झाले असते. दारूची वेळ रात्री ११ नंतर वाढवायची असेल तर मायनर चालत नाही, पण लेट नाइट रिफ्रेशमेंट वाढवायला तो मार्ग बंद नाही, प्रत्येक अर्ज वेगळा बघतात. पांढरा कागद, १० कामाचे दिवस, आणि कौन्सिलने १५ कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा. तुमचं चुकलं ते आधी पोलिसांशी बोलला नाहीत. अटी आपणच लिहून द्यायच्या: कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग ३१ दिवस ठेवू, इंजिन बंद करण्याची पाटी लावू, रात्री दोनला आणि पहाटे पाचला आवार झाडू. मागची_गल्ली ताईंनी लिहिलंय तेच कौन्सिल विचारणार आहे.

दुसरी_पाळी
बोललो होतो पोलिसांशी. तुम्ही होता का तिथे?

मागची_गल्ली
मायनरमध्ये पेपरला जाहिरात नाही, म्हणजे आम्हाला कळायचं कसं? खांबावर ए-फोर कागद कोण वाचतं?

वेम्बलीकर
टीईएन टाका की, तात्पुरत्या परवानगीची नोटीस. २१ पौंडात आठवडाभर सुटका.

ब्रमकर
हे मात्र बरोबर. टेंपररी इव्हेंट नोटीस एका वेळी १६८ तासांपर्यंत, दोन नोटिसांमध्ये २४ तासांची फट, जागेला वर्षाला एकूण २१ दिवस. पण १० पूर्ण कामाचे दिवस आधी द्यायची, आणि पोलीस किंवा कौन्सिलचं एन्व्हायर्नमेंटल हेल्थ खातं हरकत घेऊ शकतात. नुकतंच पत्र आलेल्या माणसाने लगेच ती टाकली तर दिसायला बरं दिसणार नाही, एवढंच म्हणतो.

कोथरूडकर
एका समोशासाठी एवढं? आमच्याकडे पंपावर मोबाइल वापरू नका अशी पाटी असते आणि तिच्याखाली उभं राहून लोक क्यूआर कोड स्कॅन करतात.

पंपवाला
अपडेट. बाईंना फोन केला. चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, विक्री थांबवल्याचं लेखी द्या आणि अर्ज करा, आम्ही सध्या पुढे नेत नाही. पोलिसांच्या लायसन्सिंगवाल्याचा मेल आयडीही त्यांनीच दिला. मायनर करतोय. कपाट काल साडेनऊला बंद केलं, तरी पावणेबाराला एका टॅक्सीवाल्याने गार समोसा घेऊन गाडीच्या हीटरसमोर धरला. ते आमच्या हद्दीत येतं का?

आणि पांढरा कागद नक्की कुठे लावायचा? दाराला, कुंपणाला, की पंपावर?

ब्रमकर
जाणाऱ्या-येणाऱ्याला आवाराबाहेरून वाचता यायला हवा. आवार मोठं असेल तर रस्त्याला लागून असलेल्या हद्दीवर दर ५० मीटरला एक. रोज एक फोटो काढून ठेवा, पावसाने पडला तर तारखेचा पुरावा राहतो. लॅमिनेट करा.

हीटरचं माहीत नाही. गाडी त्याची, हवा त्याची.

चहाटळ
मिरचीचं राहिलंच.

पंपवाला
तळलेली. अकरानंतर गार.