तंबाखू नियंत्रणात भारत पास की नापास? मोजायचं कुठं उभं राहून?

राजारामपुरीकर:
तंबाखू नियंत्रणाचा जागतिक करार भारतानं २००४ साली मान्य केला. आपला कोटपा, म्हणजे सिगारेट-तंबाखूच्या विक्री-जाहिरातीवरचा कायदा, तर २००३ चा. त्याचं कलम ६ सांगतं, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखू विकायची नाही. परवा मुलीच्या शाळेच्या फाटकापासून पावलं मोजत निघालो. पासष्टाव्या पावलाला पानपट्टी. खाली गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, वर पुड्यांच्या माळा. अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही ही पाटीही आहे, तिच्यावरच माळ लटकवलीय. देशाला गुण द्यायचे तर इथं उभं राहून द्या. मी नापास म्हणतो.

शाहूपुरीचा वकील:
एका टपरीवरून देश नापास करू नका. २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत ३४.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, २०१६-१७ मध्ये २८.६ टक्के. १५ ते २४ वयोगटात १८.४ वरून १२.४. हे आपोआप झालं का? २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आहे, २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्यानं व्यापलाय. एसटीत पूर्वी खुशाल बिडी पेटवायचे. आज पेटवून दाखवा, अख्खी गाडी अंगावर येते.

राजारामपुरीकर:
धूर कमी झाला, मान्य. पण त्याच २०१६-१७ च्या पाहणीत ओढणारे १०.७ टक्के आणि तोंडात धरणारे २१.४. आपलं दुखणं मळून खायचं आहे. राज्यात २०१२ ला गुटखाबंदी झाली, तर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, दोन्ही सोबत मिळायला लागल्या, मिसळल्या की गुटखाच. माझी आजी मिश्री लावायची. गालाच्या कॅन्सरनं गेली. तंबाखू खाता का, असं विचारलं की ती नाहीच म्हणायची, कारण तिच्या लेखी ती दात घासत होती.

निपाणीकडचा शेतकरी:
आजींचं वाचून वाईट वाटलं दादा. पण त्याच कराराच्या कलम १७ मध्ये तंबाखू पिकवणाऱ्यांना आणि कामगारांना पोट भरायचा दुसरा मार्ग देण्यात मदत करा, असं लिहिलंय. त्याचे गुण कोण मोजतं? १९८१ ला तंबाखूच्या दरासाठी निपाणीत आंदोलन झालं, गोळीबार झाला, माणसं मेली. माझे वडील त्या गर्दीत होते. आमच्या कोरडवाहू रानात तंबाखूऐवजी ऊस लावा म्हणतात, पाणी कोण देणार? विडी वळणाऱ्या बायका कुठं जाणार?

शाहूपुरीचा वकील:
कलम १७ वर तुमचं म्हणणं खरं आहे, तिथं मीही गुण कापतो. पण विडी कामगारांचं नाव पुढं करूनच विडीवरचा कर हलका ठेवला जातो. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर सेस, म्हणजे जादा उपकर, बसला, विडीवर नाही. किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वस्त विडीनं विडी वळणारीचं भलं झालं का? मजुरी तर ठेकेदार ठरवतो.

राजारामपुरीकर:
हे पटलं. कराचं दिल्लीनं बघावं, कलम १७ चं तर आधी बघावं. पासष्टावं पाऊल मात्र आपल्या गल्लीत आहे. मंगळवारी शाळेत पालकसभा आहे, टेप घेऊन जातोय. वकीलसाहेब, तक्रारअर्ज तेवढा लिहून द्या.