सुट्टीच्या घराच्या आठवणी जपायच्या आहेत, मदत हवी आहे

आजी-आजोबांनी बांधलेलं आमचं सुट्टीचं घर आता विकलं जाणार आहे. काका, आत्या, आम्ही सगळी भावंडं तिथे जमायचो. हॉलभर अंथरुणं, उशिरापर्यंत पत्ते, सकाळी एकाच बाथरूमसाठी रांग. दाराच्या चौकटीवर प्रत्येकाची उंची पेन्सिलने लिहिलेली आहे. ती चौकट न मोडता काढता येते का? सुताराला नेमकं काय सांगायचं?

फोटो चिकट पानांच्या जुन्या अल्बममध्ये आहेत. तो गोंद फोटो खराब करतो, पण काही इतके घट्ट बसलेत की ओढायची हिंमत होत नाही. पानासकट ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केले तर चालेल ना? व्हिडिओच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटही आहेत. त्यांची चुंबकीय फीत वर्षांगणिक खराब होत जाते, म्हणून त्या डिजिटल करून घेण्याचं काम मला आधी उरकायचं आहे. घरी करावं की स्टुडिओत द्यावं?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोठ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत. मोबाइल समोर धरला की आत्या गप्पच होते. (एरवी तिच्याइतकं रंगवून कुणी सांगत नाही!) तुमच्या घरी कुणी असं केलं असेल, तर सुरुवात कोणत्या प्रश्नांनी केलीत?